सोलापुरातून ऑनलाइन शोगी: डाव मध्येच तुटतो, समोरच्या जपानी माणसाला सांगायचं कसं?

जकार्डवाला, सोलापूर

नमस्कार. मी इथे टॉवेलच्या कारखान्यात जकार्डचं, म्हणजे विणतानाच उठणाऱ्या नक्षीचं, डिझाइन करतो. वय ४६. जपानी अजिबात येत नाही, इंग्रजी कामापुरतं. गेली अडीच वर्षं शोगी खेळतोय, म्हणजे जपानी बुद्धिबळ. अडचण खेळातली कमी आणि बाहेरची जास्त आहे.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ९ बाय ९ घरांचा पट, दोघांचे २०-२० मोहरे. सगळे एकाच रंगाचे, पाचकोनी, पुढे निमुळते. टोक ज्याच्याकडे वळलेलं, त्याच्या विरुद्धचा तो मोहरा. रंग एकच ठेवलाय कारण इथे मारलेला मोहरा संपत नाही. तो आपल्या हातात येतो, आणि पुढे कधीतरी आपल्या चालीला रिकाम्या घरात आपला म्हणून उतरवता येतो. प्यादं सरळ चालतं आणि सरळच मारतं. राजाच्या दोन्ही अंगांना सोनं आणि चांदी नावाचे सरदार. प्यादं पलीकडच्या तीन आडव्या रांगांत शिरलं की उलटवता येतं आणि सोन्यासारखं चालायला लागतं. प्याद्याचं सोनं होतं. आपल्या बुद्धिबळात शेवटी शेवटी पट ओस पडतो, इथे मात्र अखेरपर्यंत गजबजलेला असतो. मला या खेळाने धरलं ते त्यामुळे.

घरचा संच मीच केला. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यापासून आमच्याकडे भोकं पाडलेल्या जुन्या पुठ्ठ्यांची थप्पी नुसती पडून होती. त्यातून ४० पाचकोन कापले. भोकं तशीच आहेत, उजेडात धरलं की आरपार दिसतं. आठवीतल्या मुलीने स्केचपेनने त्यांवर रा, सो, चां, घो, भा, ह, उं, प्या अशी अक्षरं काढली. माझं सगळं आयुष्य ग्राफ पेपरवर घरं भरण्यात गेलंय, त्यामुळे ८१ घरं डोळ्यांना जड गेली नाहीत. ऑनलाइन गेल्यावर जड गेली ती जपानी अक्षरं.

सुरुवातीला एका जपानी अॅपवर माझा उंट पलीकडे पोचला. चौकट उघडली, दोन बटणं आली. मी अंदाजाने एक दाबलं आणि उंट न उलटता तसाच राहिला. दुसऱ्या एका डावात मी चक्क जिंकत होतो. बोट चुकून भलत्या घरावर पडलं म्हणून 'चाल परत घ्या' समजून बटण दाबलं, तर ते हार मान्य करण्याचं निघालं. आणखी एका साइटवर नावनोंदणीच होईना. नाव लिहिलं की खाली लाल ओळ. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिलं तेव्हा समजलं, नाव त्यांच्या लिपीत आणि पूर्ण रुंदीच्या अक्षरांतच हवं होतं. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इथलंच काहीतरी खेळा की." पण नाही सोडलं.

आता खरं दुखणं. ज्या सकाळी नळाला पाणी नसतं, त्या सकाळी मी ६ वाजता खेळायला बसतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे साडेनऊ. तिथे एक गृहस्थ नेहमी भेटायचे. मी ११ क्यू, ते ८ क्यू (क्यू म्हणजे खेळाची पातळी, आकडा कमी तितका खेळाडू वरचढ). सावकाश विचार करून खेळतात आणि कामाच्या दिवशीही सकाळी मोकळे असतात, त्यावरून निवृत्त असावेत. डाव सुरू होण्याआधी त्यांची एक ओळ यायची, संपल्यावर दुसरी. मी दोन्हींना नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवायचो. असे आमचे चाळीसेक डाव झाले.

गेल्या दोन महिन्यांत त्यातले तीन डाव मध्येच तुटले. दोनदा वीज गेली, वायफाय बंद पडलं, आणि मोबाइलच्या डेटावरून परत शिरेपर्यंत माझं घड्याळ संपलेलं. तिसरा डाव रविवारचा, संध्याकाळी साडेपाचचा. वळवाचा पाऊस आला आणि नेटच गेलं. आणि त्या वेळी मी हरत होतो. माझ्या राजाभोवती त्यांचं उलटलेलं प्यादं आणि हत्ती येऊन बसले होते, पाच-सात चालींत मात ठरलेली.

त्यांना काय वाटलं असेल? हरायला लागला आणि पळाला. त्यानंतर त्यांच्याकडून आमंत्रण आलेलं नाही. मी दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा नाकारलं गेलं.

शोगीत मात होईपर्यंत खेळायची रीत नाही. हरणारा स्वतः मान झुकवून 'माकेमाशिता' म्हणतो, म्हणजे 'मी हरलो', आणि तिथे डाव संपतो. मी त्यांच्याशी पंचवीसेक डाव हरलोय, त्याचं मला काही वाटत नाही. पण तो एक डाव मी नीट हरलो नाही, हे मनातून जात नाही.

तर कृपा करून सांगा. त्यांना वीज गेली होती हे कसं कळवू? असे तुटणार नाहीत असे डाव खेळता येतात का? आणि एक बारीकशी अडचण: डावाची नोंद उतरवून घेतली, केआयएफ नावाची फाइल, ती उघडली की आत सगळी खिचडी दिसते. शेवटचं म्हणजे, जपानी अक्षरं शिकावीत की चित्रांचे मोहरे लावून खेळावं?

---

निशा_नागोया

दादा, मी मूळची बार्शीची, सहा वर्षं नागोयात आहे. शोगी मला चाली ओळखण्यापुरतंच येतं. पण आठही मोठे किताब २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एकाच वेळी मिळवणारे फुजिई सोता इथून जवळच्या सेतोचे, त्यामुळे माझ्या ऑफिसात पट कधी हातात न धरलेली माणसंसुद्धा या खेळाबद्दल बोलतात.

तुमची काळजी खोटी नाही. डाव अर्धा टाकून जाणं इथे खरंच वाईट समजतात. पण इथल्या लोकांना 'तेइदेन' हा शब्दही चांगला माहीत आहे. तेइदेन म्हणजे वीज जाणं. चक्रीवादळात इथेही जाते.

त्यांची पहिली ओळ बहुतेक 'योरोशिकु ओनेगाइशिमास' असणार. शेवटच्या 'सु'तला उकार जवळजवळ ऐकू येत नाही म्हणून मी 'मास' लिहिते. दुसरी ओळ 'अरिगातो गोझाइमाशिता'. आता हात जोडण्याऐवजी हेच परत लिहा, फार फरक पडतो. मोबाइलच्या कीबोर्डमध्ये जपानी भाषा जोडून घ्या. रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की जपानी अक्षरं आपोआप येतात.

माफीसाठी हे लिहा: 'कोनोमाए वा तेइदेन देशिता. सुमिमासेन देशिता.' म्हणजे मागच्या वेळी वीज गेली होती, क्षमा असावी. एवढंच. लांबलचक भाषांतर यंत्राकडून करून पाठवू नका, ते वाचणाऱ्याला विचित्र लागतं.

आणि माझं ऐकाल तर नुसती मागाहून माफी मागून भागणार नाही, आधीच सांगून ठेवा. तुमच्या खात्याच्या ओळखीत कायमचं लिहा: 'इंदो नो सोरापुरु नि सुंदे इमास. तेइदेन दे किरेरु कोतो गा आरिमास. सुमिमासेन.' भारतातल्या सोलापुरात राहतो, वीज गेल्याने संपर्क तुटू शकतो, क्षमस्व. जपानीत 'ल' नाही म्हणून सोरापुरु. नवा माणूस खेळायला आला तरी हे आधी वाचेल.

बटणांबद्दल सोपी खूण सांगते. 'होय'ला हाइ, ते दोन अक्षरांचं. 'नाही'ला इइए, ते तीन अक्षरांचं. उंट उलटवायचा का असं विचारलं की दोन अक्षरांचं बटण दाबा. हार मान्य करण्याच्या बटणावर 'तोर्यो' लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून पटाशेजारी चिकटवून ठेवा, म्हणजे तिकडे बोट जाणार नाही.

त्यांनी आमंत्रण नाकारलं म्हणजे रागच धरला असं मात्र समजू नका. नातवंडं आली असतील, दवाखान्यात जायचं असेल. एकदा लिहा तर खरं.

---

कन्ना चौक डीटीपी

जकार्डअण्णा, तुमची ती खिचडी बघून मला माझं दुकान आठवलं. जुन्या मराठी फॉन्टात बसवलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की कशी दिसते? अक्षरं तीच, पण कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे दोन्हीकडे वेगळं धरलेलं. तुमच्या फाइलचं तेच झालंय. नुसत्या केआयएफ नावाची फाइल बहुतेक वेळा शिफ्ट-जेआयएस या जुन्या जपानी पद्धतीत असते आणि तुमचा संगणक ती युनिकोड समजून वाचतो. नोटपॅडच्या जागी एन्कोडिंग बदलता येईल असा एडिटर घ्या, शिफ्ट-जेआयएस निवडा, अक्षरं सरळ होतील. उतरवून घेतानाच केआयएफयू असा पर्याय दिसला तर तो घ्या, तो यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्येच असतो. सीएसए नावाची तिसरी जात आहे, तिच्यात चाली साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत असतात, ती कुठेही बिघडत नाही. आणि नुसता डाव परत बघायचा असेल तर लिशोगी या साइटवर नोंद चिकटवा, पटावर चाल-चाल दिसेल.

आता वीज. मी स्वतः राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. दोन हजारांच्या आत काम झालं. एकट्या राउटरला लावून उपयोग नाही, फायबरचा डबा मेला की राउटर नुसता दिवे लावून बसतो. गल्लीतल्या खांबावरच्या पेटीचीच वीज गेली तर मात्र यूपीएसचाही इलाज नाही. म्हणून डावाला बसण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट एकदा जोडून ठेवा, संगणकाला पासवर्ड पाठ असला पाहिजे. पहिल्या अर्ध्या मिनिटात परत शिरलात तर डाव बहुतेक वाचतो.

मोबाइलवरच खेळत असाल तर आणखी एक चोर आहे. फोन आला किंवा बॅटरी बचत चालू असली की ब्राउझरचं पान झोपी जातं. ब्राउझरला त्या बचतीतून वगळा.

वेळेबद्दल. तोक्यो लांब आहे म्हणून चाल उशिरा पोचते असं बरेच जण म्हणतात. तो उशीर सेकंदाच्या अंशाइतका. मारतं ते ब्योयोमी. मुख्य वेळ संपली की दर चालीला ठरलेले सेकंद, आणि वाचलेले सेकंद पुढे जमा होत नाहीत. १० सेकंदांचं ब्योयोमी आपल्या नेटवर खेळूच नये. १५ मिनिटं आणि वर ६० सेकंद असा डाव निवडा. नाहीतर सरळ पत्रव्यवहारी डाव, एका चालीला दोन-तीन दिवस. लिशोगीवर ती सोय आहे, फुकट आहे. त्यात वीज चार वेळा गेली तरी डाव जिथल्या तिथे.

भाषेचं मात्र मनावर घेऊ नका हो. माझ्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, दुकानात मराठी, कागद आणायला जातो तिथे दखनी. एकही भाषा मी पुस्तकातून शिकलो नाही.

---

पटावरचा_मास्तर, मिरज

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि शोगी पाच-सहा वर्षं खेळतो. शेवटच्या प्रश्नापुरतं बोलतो. चित्रांचे मोहरे पहिला महिनाभर ठीक, त्यानंतर सोडा. कोडी, पुस्तकं, व्हिडिओ सगळं जपानी अक्षरांत आहे आणि चित्रांची सवय लागली की ते दार बंद होतं. ओळखायची अक्षरं मूठभर. सोन्याच्या अक्षराला वर घरासारखं छप्पर असतं. चांदीच्या अक्षरात डाव्या बाजूला तेच सोनं बसलेलं दिसेल. घोड्याच्या अक्षरात डावीकडे झाड. राजा म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. एकाच्या राजावर एक ठिपका जास्त असतो, त्याने चालीत काही बदल होत नाही. उलटलेले मोहरे पुष्कळदा लाल असतात.

घरांचे आकडे: उभ्या रांगा उजवीकडून डावीकडे १ ते ९, साध्या आकड्यांत. आडव्या रांगा वरून खाली, जपानी आकड्यांत. एक, दोन, तीनला तेवढ्याच आडव्या रेघा. चार म्हणजे खिडकी. आठ म्हणजे उतरतं छप्पर. राहिले चार आकडे, ते एका रविवारी होतात.

तुमच्या मुलीने अक्षरं काढलेला संच टाकू नका. त्याच मोहऱ्यांच्या कोपऱ्यात तिच्याकडूनच जपानी अक्षर बारीक लिहून घ्या.

दुसरं. तुमच्याहून वरचढ माणसाशी खेळताना त्याचे काही मोहरे आधीच काढून ठेवून खेळायला मागा, त्यात कमीपणा नाही. वरचढ खेळाडू आपला हत्ती आणि उंट काढून ठेवतो, फरक मोठा असेल तर दोन्ही घोडे आणि दोन्ही भालेही, आणि पहिली चाल तोच करतो. तीन क्यूंच्या फरकाला एवढं लागणार नाही, पण पुढे कुणी दान, म्हणजे क्यूंच्या वरच्या पातळीचा भेटला तर जरूर मागा. ८१ डोजो या साइटवर परदेशी खेळाडू पुष्कळ असतात, नावापुढे देशाचा झेंडा असतो, तिथे अशी विनंती इंग्रजीतही चालते.

---

निशा_नागोया

मास्तरांना दुजोरा. फक्त सहा आणि आठ यांत घोटाळा होतो, सहाच्या छपरावर एक टिंब आणि एक आडवी रेघ असते.

---

जकार्डवाला, सोलापूर

साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. आधी हातात काही असावं म्हणून थांबलो होतो.

कन्ना चौकवाले अण्णा, यूपीएस बसवला. बायकोने विचारलं, एवढ्याशा डब्याला एवढे पैसे? परवा रात्री वीज गेली तेव्हा तिची मालिका मोबाइलवर चालूच राहिली, आता ती काही बोलत नाही. फाइलही सरळ झाली. चाळीसपैकी एकतीस डावांच्या नोंदी सापडल्या, सगळ्या ठेवल्यात.

निशाताई, तुमची दोन वाक्यं मुलीने आणि मी मिळून टाइप केली. खात्यात सोरापुरु लिहिलं. माफीची ओळ कुठे पाठवावी कळेना, कारण डाव नसताना बोलायची जागा नव्हती. शेवटी पुन्हा आमंत्रण पाठवलं आणि वाट पाहिली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी सव्वासहाला, त्यांच्याकडूनच आमंत्रण आलं. मी आधी माफीची ओळ टाकली, मग 'योरोशिकु ओनेगाइशिमास'. समोरून बराच वेळ काही आलं नाही. मग तीन ओळी आल्या. त्या मी तुम्हाला निरोपात पाठवल्या होत्या आणि तुम्ही कळवलंत की ते महिनाभर डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी घरी पडून होते, खात्यावर त्यांचा नातू खेळत होता, आणि आमंत्रणं त्यानेच नाकारली असणार. वीज गेल्याचं त्यांना कधी वाईट वाटलंच नव्हतं. ते वाचून मी जरा वेळ मागाजवळ नुसता बसून राहिलो.

डाव मी हरलो, ११२ चालींत. मिनोचा किल्ला बांधला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजा उजव्या कोपऱ्याकडे, शेजारी चांदी, डाव्या बाजूला दोन सोनी. त्यांचा हत्ती उलटून माझ्या शेवटच्या आडव्या रांगेत डावीकडून घुसला. मी घाबरून हातातली चांदी आडवी घातली. पुढे ती त्यांनी मारली आणि तिनेच मला मात बसत होती. या वेळी मी बटण दाबायच्या आधी 'माकेमाशिता' लिहिलं.

मग पहिल्यांदाच असं झालं की ते निघून गेले नाहीत. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो परत लावून बघायची तिकडे रीत आहे, कान्सोसेन म्हणतात. त्यांनी पट ६७व्या चालीवर आणला, माझ्या चांदीवर बाण काढला, ती उचलली आणि तिच्या जागी पाचव्या उभ्या रांगेत, अगदी तळाला, माझ्या सोन्याच्या बरोबर खालच्या घरात एक प्यादं ठेवलं. खाली एक ओळ लिहिली. तीही निशाताईंनीच सांगितली, त्यांच्याकडची म्हण आहे: सोन्याखालचं प्यादं खडकाहून घट्ट. एका उभ्या रांगेत आपली दोन न उलटलेली प्यादी ठेवता येत नाहीत, त्याला निफू म्हणतात आणि समोरासमोरच्या खेळात तसं केलं तर तिथेच हार. पण माझं त्या रांगेतलं प्यादं आधीच मेलेलं होतं, म्हणजे जागा मोकळी होती. मला दिसलीच नाही. अर्धा तास आम्ही तेच एक घर दोन्ही बाजूंनी खेळून पाहिलं. बोलणं म्हणाल तर त्यांचे बाण आणि माझे बाण, मध्ये एकदा माझं 'अरिगातो'. कारखान्यात उशीर झाला, मालकांना खरं कारण सांगितलं.

मास्तर, पुठ्ठ्याच्या मोहऱ्यांवर मुलीने जपानी अक्षरं काढायला घेतलीत. सोनं आणि प्यादी झाली, चांदीचं अक्षर बारीक जागेत बसत नाही म्हणून ती अडलीय. त्या तळाच्या प्याद्यावर समोरच्याने भाल्याने मारा केला तर काय करायचं, हे जमलं तर सांगा. रविवारी सकाळी ६ ला पुन्हा त्यांच्याशीच डाव आहे, पाणी शनिवारी येणार आहे.